अकरा बुधवार

चि. क्षिप्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी, विश्राम मोरेश्वर टिपणीस, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मानपाड्याच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे हिशेबनीस आणि तो बंद पडल्यापासून गेली नऊ वर्षे मानधनावर खाद्यविषयक लेखन करणारा, नात्याने तुझा सख्खा मामा, हे पत्र तू संक्रांतीला विचारलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर म्हणून लिहीत आहे. तू हसशील, हे मला ठाऊक आहे. परंतु पैशांची गोष्ट तोंडी करू नये, कागदावर करावी, हा तुझ्या आजोबांचा नियम होता आणि तो मोडण्याचे कारण मला अद्याप सापडलेले नाही.

खडवलीला तुझ्या आईकडे तिळगूळ वाटता वाटता तू सर्वांदेखत विचारलेस की एका संकेतस्थळाने ठाण्यातल्या खाण्यावर आठ लेख मागितले आहेत, मोबदला शून्य, फक्त नाव छापतील. तर द्यावेत का, आणि मुळात या धंद्यात पोट भरते का. तुझ्या आईने, आमच्या सुमतीताईने, परस्पर उत्तर देऊन टाकले की विश्रामचे पोट भरते, कारण तो लेखासाठी केलेलेच जेवतो. सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न शिल्लक राहिला.

तर दर असे आहेत. वृत्तपत्राची रविवारची पुरवणी सातशे शब्दांना आठशे रुपये देते. ते चौथ्या महिन्यात, आणि तेही मी दोनदा स्मरण दिल्यावर. दिवाळी अंक दोन हजार देतात आणि एक प्रत. दुसरी प्रत हवी असल्यास विकत घ्यावी लागते. मसाल्याची एक कंपनी पाककृती तपासून लिहून देण्याचे दीड हजार देते, साहित्य आपले. संकेतस्थळाचा दर तीन वर्षांपूर्वी शब्दाला एक रुपया दहा पैसे होता, गेल्या वर्षी साठ पैशांवर आला. डिसेंबरात तिथल्या मुलीने फोन करून कळवले की आता लेख यंत्रच लिहिते, सरांनी त्यात फक्त थोडी चव घालून द्यायची, शब्दाला वीस पैसे. मी तिला विचारले की चव घालण्याचा खर्च कोणाकडे. तिला तो विनोद वाटला.

आता माझ्या कामाची पद्धत. मी प्रत्येक पदार्थ तीनदा करतो. पहिल्यांदा सांगणाऱ्याने सांगितला तसा, दुसऱ्यांदा वजने घेऊन, तिसऱ्यांदा केवळ वजनांवरून, जणू मला काहीच येत नाही असा. तिन्ही वेळा एकच चव आली तरच तो लिहितो. त्यामुळे आठशे रुपयांच्या लेखात कधी कधी पाचशे रुपयांची कोळंबी असते. तुझी मामी म्हणते की जगात नवरे बायकोच्या हातचे तेच तेच खाऊन कंटाळतात, आमच्याकडे उलट आहे.

तुझ्या मामीचे, देवयानीचे, नाव निघाले, म्हणून एक गोष्ट तुला सांगणे योग्य. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला तेव्हा मी पुन्हा नोकरी न शोधता लेखन करतो म्हणालो, आणि तिने तिच्या शाळेच्या पगारावर घर ओढण्याचे मान्य केले. त्या वेळी आमच्यात ठरले की साहित्याचा खर्च वजा जाता माझी वर्षाची मिळकत एक लाख ऐंशी हजारांखाली गेली, तर मी मुकाट्याने नोकरी धरायची. ही अट मीच घातली होती. आठ वर्षे ती कशीबशी पाळली गेली. यंदा डिसेंबरअखेर एक लाख नऊ हजार सहाशे झाले आहेत, मार्चपर्यंत आणखी तेहेतीस हजार येतील. देवयानी दोन वर्षांनी निवृत्त होईल, त्यामुळे यंदा सवलत मागण्यासारखी परिस्थिती नाही. मानपाड्याच्याच दुसऱ्या एका कारखान्याने महिना अठ्ठावीस हजारांवर हिशेबनिसाची जागा देऊ केली आहे आणि एक एप्रिलपर्यंत ती माझ्यासाठी धरून ठेवली आहे.

सुदैवाने पुस्तक आहे. ठाण्याचे प्रकाशक मुकुल राजे खाडीकाठच्या पाककृतींच्या पुस्तकाचे एकरकमी चाळीस हजार देणार आहेत, फेब्रुवारीत हस्तलिखित आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात धनादेश. म्हणजे एकूण एक लाख ब्याऐंशी हजार सहाशे. अटीवर दोन हजार सहाशे रुपये जास्त. लेखक म्हणून माझे आणखी एक वर्ष त्या दोन हजार सहाशे रुपयांवर उभे आहे.

पुस्तकाचे श्रेय काही अंशी तुझे, कारण चेंदणी कोळीवाड्यातल्या आवडाबाईंची ओळख तू करून दिलीस. तुझी कोळीण म्हणून मी त्यांना ओळखत होतो. पण त्या चुलीशी बसल्या की वेगळ्याच. त्यांच्याकडे माप नावाची वस्तू नाही. पीठ टाकायला त्यांनी मूठ उचलली की मी म्हणायचो, थांबा, आणि खाली वजनकाटा धरायचो. मूठ काट्यावर उघडली की आकडा लिहायचा, मग पीठ कालवणात. तांदळाच्या पिठाची त्यांची मूठ बेचाळीस ग्रॅमची आहे. तीन वेळा घेतले, एका ग्रॅमचा फरक पडला. त्या म्हणायच्या की भाऊ, मासळीपेक्षा तुमचाच काटा जास्त बोचतो.

सोबत नऊ महिन्यांच्या जमाखर्चाची प्रत जोडली आहे. तू विमा कंपनीत दावे तपासतेस, तेव्हा कागद कसा वाचायचा हे तुला सांगायला नको. वाच, आणि फुकट लिहायचे की नाही ते ठरव. माझे मत विचारशील तर पहिला लेख फुकट देणाऱ्याला दुसऱ्याचा दर मागता येत नाही.

प्रकृतीस जप. तुझा जीव माझ्या पानावर आहे तसाच राहू दे, इतकेच मागणे.

तुझा मामा,
विश्राम मो. टिपणीस
डोंबिवली पूर्व, १९ जानेवारी २०२५

*

ठाणे,
२६ जानेवारी २०२५

ती. विश्राममामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, भाचीला पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवणारा तू पृथ्वीतलावर एकटा असशील. पोस्टमनने सही मागितली तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं की मला कोर्टाची नोटीस आली. मी त्यांना सांगितलं की मामाचं पत्र आहे, तर त्यांचा चेहरा आणखी पडला.

आधी आनंदाची बातमी. त्या संकेतस्थळाला मी तुझ्या पत्रातला जुना दर कळवला, शब्दाला एक रुपया दहा पैसे. त्यांनी उत्तरच दिलं नाही. म्हणजे दर बरोबर असावा.

आई बरी आहे. तुझं पत्र तिला फोनवर वाचून दाखवलं. नोकरीचा भाग आला तेव्हा तिने मला थांबवलं. मग म्हणाली की विश्रामला लहानपणी मीठ जास्त झालंय की कमी, हे आमटीकडे बघून कळायचं, त्याला परत त्या मानपाड्याच्या वासात बसवायचा का. मी म्हटलं, अगं दोन हजार सहाशेने वाचलाय तो. तर म्हणाली की देवाला एवढा बारीक हिशेब कधीपासून जमायला लागला.

आता मी तुझा कागद वाचला, ते सांगते. तू मला दावे तपासणारी म्हणालास, म्हणून तपासला. राग मानू नकोस.

पुस्तकाच्या खर्चाचं पान सगळ्यात नेटकं आहे. मासळी, नारळ, गॅस, डोंबिवली-ठाणे परतीचं तिकीट, स्टेशनपासून रिक्षा, कढीपत्ता बारा रुपये, काट्याची बॅटरी पंचावन्न रुपये. सगळं तारीखवार. आणि शेवटी किरकोळ या नावाखाली एक ओळ, मिठाईचा पुडा, आवडाबाई, दोनशे साठ रुपये.

मामा, मी ते पान दोनदा उलटून पाहिलं. मला वाटलं मागे काही असेल. आवडाबाईंचं नाव अख्ख्या जमाखर्चात त्या एकाच ठिकाणी आहे, आणि ते किरकोळमध्ये आहे.

तू अकरा वेळा गेलास त्यांच्याकडे, सगळ्या तारखा आहेत. पुस्तकातल्या चाळीसपैकी बत्तीस पदार्थ त्यांचे आहेत. पीठ त्यांचं, चूल त्यांची, मूठ तर त्यांचीच. पुरवणीवाले आठशे रुपये चार महिन्यांनी देतात म्हणून तुला वाईट वाटतं, ते बरोबरच आहे. पण आवडाबाईंचा दर काय ठरला होता? की त्यांनाही फक्त नाव? आणि नाव तरी कुठे आहे? मुकुल राजेंच्या करारनाम्याची प्रत तू मागे मला वाचायला दिली होतीस. त्यात सहाव्या कलमात लिहिलंय की सर्व पाककृती लेखकाच्या स्वतःच्या आहेत. अजून सही झाली नसेल तर ते कलम परत वाच.

ऑफिसात असा दावा आला असता तर मी लाल शेरा मारला असता. तू मामा आहेस म्हणून फक्त विचारते आहे.

मामीला नमस्कार. तुझ्या सोड्यांच्या खिचडीवर माझा हक्क आहे, तो किरकोळमध्ये टाकू नकोस. रागावलास तरी पत्र टाक, पण साध्या टपालाने.

तुझी,
क्षिप्रा

*

चि. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. मी रागावलेलो नाही, हे प्रथम नमूद करतो. रागावलो नाही म्हणून उत्तरास पाच दिवस लागले.

तुझा आक्षेप तत्त्वतः योग्य आहे आणि व्यवहारात निरुपयोगी. आपल्या घरांत कोणी मावशीला निनावासारख्या गोड पदार्थाची कृती विचारली, तर तिच्या हातावर पैसे ठेवतो का? ठेवले तर ती ते अंगावर फेकेल. पदार्थ सांगणे हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा भाग समजला जातो. आवडाबाईंनी माझ्याकडे कधी काही मागितले नाही. दिवाळीत मी पुडा नेला तो त्यांनी हसून घेतला, सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मोबदल्याचा शब्द दोन्ही बाजूंनी निघाला नाही. न निघालेल्या शब्दाचा रकाना मी कसा आखावा?

शिवाय माझा स्वतःचा विचार कर. सात महिन्यांच्या कामाचे चाळीस हजार. त्यातून मासळी आणि प्रवास मी आधीच भागवला आहे. त्या चाळीस हजारांत मी आणखी कोणाला वाटेकरी करू लागलो, तर ते पुस्तक मी कशासाठी लिहिले? या व्यवसायात वरपासून खालपर्यंत प्रत्येक जण खालच्याला हेच सांगतो, याची मला जाणीव आहे. ती जाणीव आज फारशी उपयोगाची नाही.

थकवा आला आहे, क्षिप्रा. परवा भरलेले बोंबील तिसऱ्यांदा करताना माझ्या लक्षात आले की मी चव घेत नव्हतो, फक्त वेळ टिपत होतो. देवयानी तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवून आली, एक बोंबील खाल्ला आणि म्हणाली की चांगला झालाय, आता बस. मी विचारले, तिन्ही सारखे लागतात का? ती म्हणाली की तिन्ही वेळा तू तितकाच दमलेला दिसतोस, एवढे नक्की सांगते.

सहावे कलम मात्र मी पुन्हा वाचले. ते चुकीचे आहे. मी मुकुल राजे यांना फोन करून सांगितले की मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली आवडाबाईंचे नाव यायला हवे आणि कलम त्याप्रमाणे दुरुस्त व्हावे. ते लगेच हो म्हणाले. नाव छापायला वेगळे पैसे लागत नाहीत, सर, असे म्हणाले. मानधन वाढवण्याचे विचारताच त्यांना दुसरा फोन आला.

तेव्हा नावाचा प्रश्न मिटला. पैशांविषयी तू आवडाबाईंकडे काहीही बोलू नये, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. त्यांच्या मनात नसलेली गोष्ट आपण घालू नये.

तुझ्या आईला नमस्कार सांग. तुझ्या मायेत माझ्या हट्टालाही जागा ठेव.

तुझा मामा,
विश्राम मो. टिपणीस
डोंबिवली पूर्व, ५ फेब्रुवारी २०२५

*

ठाणे,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. विश्राममामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी स्पष्ट सूचना मला शनिवारी मिळाली. आवडाबाईंकडे मी शुक्रवारीच जाऊन आले होते. तूच साधं टपाल वापरलंस, त्याला माझा इलाज नाही. त्यानंतर आठवडाभर मी पेन हातात घेऊन बसले आणि ठेवून दिलं, म्हणून उशीर.

मी मुद्दाम काही बोलले नव्हते, खरंच. अर्धा किलो मांदेली घेतली, साफ होईपर्यंत उभी होते, म्हणून सहज म्हटलं की मामाचं पुस्तक होतंय आणि त्यावर तुमचं नाव घालायला मी त्याला सांगितलंय. त्यांची सून दक्षता मागे बर्फ फोडत होती, तीच बोलली आधी. म्हणाली, नाव कशाला घालता ताई, नाव काय बाजारात चालतं? तो काटेवाला काका आता कुठला परत येतोय.

तर आवडाबाईंनी तिला असं काही झापलं. म्हणाल्या, गप गं, तुला माणूस कळत नाय. बोटाला चिकटलेलं पीठ झटकून मोजायचा तो. जो मोजून नेतो, तो मोजून आणून देतो. भाऊंचा हिशेब शिमग्याला आहे. मग मला समजावून सांगितलं की त्यांच्या घरात होळी पेटायच्या आत सगळी उधारी मिटवायची असते, घेणं असो की देणं. भाऊंना माहीत असणारच, एवढे शिकलेले आहेत, असंही म्हणाल्या.

मामा, त्यांच्या मनात मी काहीही घातलं नाही. त्यांच्या मनात ते पहिल्या दिवसापासून होतं. त्या तुला देणेकरी समजत होत्या, आणि तरी मानाने वागवत होत्या.

मी विचारलं, किती झाले. त्यांनी मांदेली कापणं थांबवलं नाही. म्हणाल्या की अकरा बुधवार. बुधवार, शुक्रवार, रविवार हे तीन दिवस त्यांची खरी विक्री, बाकीचे दिवस लोक सोमवार करतात, गुरुवार करतात, शनिवार करतात. तू अकराच्या अकरा वेळा बुधवारी गेलास. त्या सकाळी टोपली लावायच्याच नाहीत, कारण तू सांगितलं होतंस की मासळी त्याच सकाळची हवी आणि घाई नको. बुधवारचे त्यांना पंधराशे सुटतात. मतदानाची सुट्टी होती त्या बुधवारी तर समोरची बाई दहा वाजता रिकामी होऊन घरी गेली, आणि या तुझ्या काट्यावर मूठ धरून बसल्या होत्या. तरी त्या दिवसाचेही पंधराशेच धरलेत. जास्त कशाला, म्हणाल्या.

आणि ऐक. शेवटचे चार बुधवार मार्गशीर्षात आले. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून त्या चारांचे सहाशेच. सातांचे दहा हजार पाचशे, चारांचे दोन हजार चारशे. बारा हजार नऊशे. मिठाईचा पुडा दिवाळीचा होता, तो हिशेबात धरायचा नाही, हेही सांगितलं. कागद नाही, पेन्सिल नाही, हातात कोयता. आमच्या ऑफिसात एकालाही असा दावा मांडता येत नाही.

मग मी घरी येऊन तुझी बेरीज केली. बारा हजार नऊशे गेले की एक लाख एकोणसत्तर हजार सातशे. अटीला दहा हजार तीनशे कमी. मला वाटलं होतं मी फक्त एक चूक दाखवते आहे.

ते दहा हजार तीनशे मी देते, मामा. उसने समज, काहीही समज. आईही अर्धे घालते म्हणाली. मामीला सांगूच नको.

मला माफ कर, किंवा करू नकोस, पण पत्र टाक. आपलं नातं या बेरजेबाहेर ठेव, एवढंच.

तुझी,
क्षिप्रा

*

चि. क्षिप्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू तुझ्या आईमार्फत चौकशी केलीस, आणि तिने फोन करून मला सांगितले की मुलगी वाळत चालली आहे. वाळू नकोस. काम पूर्ण होईपर्यंत लिहायचे नाही असे मी ठरवले होते. आता ते पूर्ण झाले आहे.

बुधवार मी का निवडला, हे आधी सांगतो. पुरवणीचा लेख मंगळवारी द्यावा लागतो, म्हणून बुधवार मोकळा. आणि बुधवारी मासळी ताजी असते, म्हणून बुधवार योग्य. वहीत हीच दोन कारणे लिहिलेली आहेत. बुधवारी मासळी ताजी का असते, तर त्या दिवशी ती खपते म्हणून, हे तिसरे वाक्य मी लिहिले नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या बुधवार-शुक्रवार-रविवार मासळी आणणारी माणसे. हे मला कोणी शिकवायला हवे होते असे नाही. मी एका ग्रॅमचा फरक टिपत होतो आणि समोरच्या बाईचा दिवस टिपला नाही.

मुकुल राजे यांचा धनादेश सात तारखेला आला आणि दहाला, सोमवारी, होळीच्या तीन दिवस आधी मी कोळीवाड्यात गेलो. सोमवार मुद्दाम निवडला. आवडाबाई दारात जाळ्याच्या दोरीवर सुके बोंबील उलटत होत्या. मी पाकीट दिले. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि दक्षताकडे दिल्या. ती माझ्याकडे बघेना. तिने आत जाऊन देवाजवळ पाकीट ठेवले आणि येताना माझ्यासाठी पाणी आणले. मी पावतीपुस्तक आणि महसुली तिकीट नेले होते. आवडाबाई म्हणाल्या की सहीला वेळ लागेल, भाऊ, घाई नको, तुमचाच शब्द आहे. मग एक एक अक्षर काढून त्यांनी सही केली.

नंतर त्यांनी विचारले की पुस्तकाचे तुम्हाला किती मिळाले. मी सांगितले. किती महिने लागले? सात. त्या थोडा वेळ बोटांवर काहीतरी करत राहिल्या. मग म्हणाल्या की एवढ्यासाठी मी टोपली डोक्यावर घेतली नसती. हे त्यांनी हिणवण्यासाठी म्हटले नाही. एका धंदेवाल्या माणसाने दुसऱ्याची विचारपूस करावी तसे म्हटले. नऊ वर्षांत माझ्या दराविषयी इतक्या सरळपणे कोणी वाईट वाटून घेतले नव्हते.

तू देऊ केलेले दहा हजार तीनशे मला घेता येणार नाहीत. उसने आणलेले पैसे मिळकतीच्या बाजूला बसत नाहीत, हे तू स्वतः कोणाच्याही कागदावर लाल शाईने लिहिले असतेस. तुझी आणि ताईची भावना पोहोचली. ती मी कोणत्याच रकान्यात मांडणार नाही, कारण ती मांडण्याची वस्तू नाही.

देवयानीला मी सगळा कागद दाखवला. तिने शेवटची ओळ वाचली, एक लाख एकोणसत्तर हजार सातशे, आणि म्हणाली की आवडाबाईंचे पैसे पुढच्या वर्षात टाकले असते तर यंदाची अट पाळली गेली असती. मी म्हणालो, खर्च ज्या वर्षीचा त्या वर्षी. ती म्हणाली की हे तू म्हणणार, म्हणूनच मी म्हणून बघितले. मग तिने माझा जुना डबा माळ्यावरून काढला. झाकण बसत नव्हते. नवीन आणू, म्हणाली.

एक एप्रिलपासून मी मानपाड्याला रुजू होत आहे. अठ्ठावीस हजार, दर महिन्याच्या सातला, स्मरण न देता. मला दुःख झाले नाही असे लिहिणे खोटे ठरेल. काल वीस पैशांचे काम देऊ करणाऱ्या मुलीला मी नकार कळवला तेव्हा तिने मनापासून शुभेच्छा दिल्या आणि विचारले की दुसरे कोणी ओळखीचे आहे का. मसाल्याच्या कंपनीलाही कळवले. पुरवणीचे संपादक म्हणाले की तुम्ही कळवलेत ते बरे, बहुतेक जण कळवतही नाहीत. इतक्या सहज सगळीकडून सुटता येते, हे मला माहीत नव्हते.

संक्रांतीला तू विचारले होतेस की या धंद्यात पोट भरते का. दर तर तुला पहिल्या पत्रात दिलेच होते. त्यात एक दर राहिला होता, तो आता भरतो. ज्याच्याकडून शिकायचे त्याच्या बुधवारचे पंधराशे, मार्गशीर्षात सहाशे. हा दर धरला तर माझे पोट यात भरले नाही. तो न धरता नऊ वर्षे भरल्यासारखे वाटत होते. आवडाबाईंआधी किती घरांत मी काटा घेऊन बसलो, त्यांची यादी काढायला घेतली आहे. अठरा नावे झाली आहेत. पगारातून जमेल तसे एकेकाकडे जाईन. काही जण आता नाहीत.

एक गोष्ट राहिली. मी निघताना आवडाबाईंनी विचारले की खेकड्याचे कालवण तर लिहून घ्यायचे राहिले, ते कधी. मी सांगितले की आता मला नोकरी लागली, कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असते. त्या म्हणाल्या, शुक्रवार म्हणजे पुन्हा धंद्याचाच वार. मी म्हणालो, माहीत आहे. दक्षता आतून हसली.

चार एप्रिलच्या शुक्रवारचे पंधराशे रुपये मी आगाऊ देऊन आलो. या वेळी पावती मागितली नाही. तो पदार्थ कोणत्याही पुरवणीसाठी नाही, तेव्हा तीनदा करण्याची गरज पडणार नाही. तुला सुट्टी मिळाली तर ये; काटा मी आणेन, पण मूठ उघडायची की नाही, ते त्या ठरवतील.

आईला माझा नमस्कार. माझ्यावरचा तुझा लोभ तू तपासून दिलेला आहेस, तेव्हा तो टिकेल अशी खात्री बाळगतो.

तुझा मामा,
विश्राम मो. टिपणीस
डोंबिवली पूर्व, १६ मार्च २०२५